शरयूची तीनशे कोटी अक्षरं

निघोज आणि निघोजे ही दोन वेगळी गावं आहेत, हे मला शिवाजीनगरच्या स्थानकावर कळलं. पारनेरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरून, पिशवी मांडीवर घेऊन मी निवांत बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "नदीतली कुंडं बघायला निघालात का?"

"कसली कुंडं? भावाकडे चाललेय. चाकणजवळ."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, ते निघोजे! ही गाडी निघोजला जाते. उतरा, उतरा!"

गाडी हलली होती. वाहकाने घंटी मारून थांबवली आणि 'मावशी, एका मात्रेपायी साठ किलोमीटर लांब गेला असता' असं म्हणत माझी पिशवी खाली दिली. उतरल्यावर मलाच हसू आलं. पुढच्या आठ दिवसांत मी काय बघणार आहे, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की काय होतं, याची तेव्हा मला कल्पनाही नव्हती.

मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझा धाकटा भाऊ बालाजी आयटीआय करून चाकणच्या पट्ट्यात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. त्याची बायको रेखा. त्यांची मुलगी शरयू आठ वर्षांची. शरयू दोन वर्षांची झाली तरी उभी राहिली नव्हती. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग सगळे तेच म्हणत राहिले. पुढे ती भिंत धरून चालायला लागली, पण पावलं आत वळायची, बोटं आखडायची.

माझा निघण्याचा बेत नव्हता. पण बालाजीचा फोन आला. "अक्का, दवाखान्यातून बोलवायलेत. तीन वर्षांमागं जनुकांची तपासणी केलती ना, त्यात आता नवीन कायतरी सापडलंय म्हणं. आपण रक्त पुन्हा दिलंच न्हाई, मग सापडलं कसं? रेखा लई घाबरलीय. तू ये."

मी विज्ञानाची शिक्षिका. मलाही उत्तर देता आलं नाही.

निघोजे

निघोज्याचं वर्णन कसं करावं? एका बाजूला कंपनीची भिंत, इतकी लांब की चालता चालता तहान लागते. भिंतीला लागून कांद्याचं वावर, वावराच्या बांधावर चार मजली भाड्याच्या खोल्या, आणि खोल्यांसमोर रांगेत उभे कंटेनर. एका लांबलचक ट्रेलरवर दोन मजल्यांत कोऱ्या मोटारी बांधलेल्या होत्या, त्यांच्या काचांवर अजून प्लास्टिक. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बस एकामागून एक येतात आणि रस्ता पाच मिनिटांत निळ्या-राखाडी शर्टांनी भरून जातो. लातूरचे, बीडचे, जळगावचे, कोकणातले, सगळ्यांची मराठी एकमेकांत मिसळलेली. आणि समोरचा कुठलाही असो, त्याला 'भावा' नाही तर 'राव'. आमच्याकडे आधी गाव विचारतात, मग आडनाव. इथे आधी 'कुठल्या शिफ्टला?' असं विचारतात.

घरमालकीण हौसाबाई गावातल्या जुन्या घरातल्या. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच त्या मासवड्यांचं ताट घेऊन वर आल्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेल्या वड्या आणि झणझणीत रस्सा. नाव ऐकून मी बिचकले. मी शाकाहारी.

"मासा न्हाई गं त्यात," त्या हसल्या. "नुसतं नाव. आमी इकडं पावण्याला हेच करतो. खा. आन् पोरीचं काय ते नीट इचारून घ्या दवाखान्यात. ही रेखा तिथं गेली की तोंडच उघडत न्हाई."

रेखा खरोखर बोलत नव्हती. त्याचं कारण मला माहीत होतं, आणि ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

शरयूच्या वेळी रेखा मोटारींच्या वायरी जोडणाऱ्या कंपनीत कामाला होती. सातव्या महिन्यापर्यंत उभ्याने काम करायची. शरयूच्या दुसऱ्या वाढदिवसाला चार बायकांसमोर मी म्हणाले होते, "पोटात बाळ असताना आठ-आठ तास उभं राहिल्यावर दुसरं काय होणार?" तीन वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या संशोधन प्रकल्पात तिघांची जनुकीय तपासणी झाली. अहवालात लिहिलं होतं की, एका जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे आणि ती आईकडून आली आहे. पण एकाच प्रतीच्या बिघाडाने हा आजार होत नाही, त्यामुळे कारण सापडलं नाही. घरातल्या लोकांनी या सगळ्यातले दोनच शब्द ऐकले: 'आईकडून' आणि 'बिघडलेली'.

रुग्णालयात

सोमवारी आम्ही चौघं गेलो. डॉक्टर माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आधी शरयूशी बोलल्या. मग बालाजीला विचारलं, "सकाळी आणि संध्याकाळी हिच्या चालण्यात फरक असतो का?"

बालाजी खुर्चीत पुढे सरकला. "लई असतो मॅडम. सकाळी एकटी दारापर्यंत येती. चार-पाच वाजले की पाय लाकडागत होतेत. दुपारी झोपली तर उठल्यावर पुन्हा बरी असती."

"हे आधी कुणाला सांगितलं होतं?"

"कुणी इचारलंच न्हाई."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी दोन रेघा ओढल्या. प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईची, एक वडलांची. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. शरयूच्या आईकडून आलेल्या प्रतीत बिघाड आहे, हे तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. वडलांकडून आलेल्या प्रतीतही एक बदल होता. तो तेव्हाही दिसला होता, पण त्याचा अर्थ जगात कुणालाच माहीत नव्हता. आता माहीत झाला आहे. दोन्ही प्रती बिघडल्यामुळे, हालचालीसाठी मेंदूला लागणारं एक रसायन शरयूच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. झोपेत थोडं साठतं, दिवसभरात संपून जातं.

"म्हणजे," रेखा म्हणाली. दवाखान्यात तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "दोघांकडून?"

"दोघांकडून. अर्धं अर्धं. आणि यात कुणाचाही दोष नाही."

"मी उभ्यानं काम केलतं, त्याच्यानं न्हाई?"

"त्याचा काहीही संबंध नाही."

"दोघांकडून?" तिने पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. मी खिडकीबाहेर बघत होते. बालाजीची ती प्रत आमच्या आईकडून आली असेल, नाही तर बाबांकडून. कदाचित माझ्यातही ती असेल.

मग डॉक्टर म्हणाल्या, की जे रसायन कमी पडतं, ते गोळीतून देता येतं. म्हाताऱ्या माणसांना कंपवातासाठी देतात तीच गोळी, अगदी थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवायची. सोबत आणखी एक औषध. "सगळं पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही. आठ वर्षं गेली आहेत. पण फरक पडायची मला खूप आशा आहे."

आशा हा शब्द त्या घराने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. बालाजी उठून उगाचच पंख्याकडे बघत राहिला.

निघताना मी माझा प्रश्न विचारला: रक्त न घेता नवीन कसं सापडलं? डॉक्टर हसल्या. "ते सॉफ्टवेअर आकुर्डीतली मंडळी बनवतात. प्रज्ञा म्हणून एक मुलगी आहे, ती कधीपासून माझ्या मागे लागली आहे, की एखाद्या कुटुंबाला भेटायचंय. जाल का?"

आकुर्डी

आकुर्डीला आम्ही चौघं गेलो, तेव्हा माझ्या मनात दुचाकींचा कारखाना होता. लहानपणी आमच्या गावात जी पहिली स्कूटर आली, ती इथली असं सांगायचे. पण प्रज्ञाचं ऑफिस स्टेशनपासून जवळच एका साध्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वडापावची गाडी. अशा जागी माणसाच्या घडणीचा मजकूर ठेवला असेल, असं कुणाला सांगून पटणार नाही.

प्रज्ञा तिशीची असेल. मुद्दाम खालपर्यंत घ्यायला आली होती. शरयूला बघून ती जिन्यात थांबलीच. मग खाली वाकून म्हणाली, "तू शरयू? मला तुझा फक्त नंबर माहीत होता गं."

तिच्या टेबलावर निळ्या कोटातली एक छोटी तसबीर होती आणि शेजारी वडलांचं कारखान्यातलं जुनं ओळखपत्र. "बाबा बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीला होते," तिने सांगितलं. "घासून आलेला एकेक नग हातात घेऊन बघायचे. केसाएवढाही फरक त्यांना बोटाला कळायचा. मी पण तेच करते. फक्त नग जास्त आहेत."

बालाजी-रेखाची परवानगी घेऊन तिने संगणकावर शरयूची नोंद उघडली. मी पाटी-खडूची बाई, मी म्हटलं, "मला सातवीच्या वर्गासारखं समजावून सांग."

"सांगते. माणसाच्या पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो. अक्षरं चारच, पण ओळ न तोडता सलग लिहिलेली. यंत्राला तो सलग वाचता येत नाही. ते त्याचे बारीक बारीक तुकडे करतं आणि तुकडे वाचतं. कोट्यवधी तुकडे. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा मूळ मजकुरात कुठे बसतो ते शोधतं आणि तिथे नेऊन ठेवतं."

"आणि वाचताना यंत्र चुकलं तर?"

"म्हणून एकेक जागा साधारण तीस वेळा वाचतो. तीस वेगवेगळ्या तुकड्यांतून."

मी थक्क झाले. बोर्डाच्या परीक्षेचा एक पेपर दोघांनी तपासायचा म्हटलं तरी आमच्याकडे वाद होतात. इथे एकेक अक्षर तीस वेळा तपासून घेतात, आणि अशी तीनशे कोटी अक्षरं.

"मग तुमच्या-माझ्यात आणि मूळ मजकुरात चाळीस-पन्नास लाख ठिकाणी फरक निघतो," ती म्हणाली. "घाबरू नका, सगळ्यांतच निघतो. बहुतेक फरक निरुपद्रवी. त्यातून आजाराचा एखादा शोधायचा."

तिने पडद्यावर बोट ठेवलं. करड्या रंगाच्या आडव्या पट्ट्या एकीखाली एक रचलेल्या होत्या, विटांच्या थरांसारख्या. त्यांत एकाच उभ्या रेषेत काही पट्ट्यांवर लाल ठिपका होता.

"ही ती जागा. एकतीस तुकडे इथे बसले. सोळांत बाबांकडून आलेलं वेगळं अक्षर, पंधरांत नेहमीचं. अर्धं अर्धं, बघा."

बालाजी वाकला. चष्मा कपाळावर चढवून तो त्या लाल ठिपक्यांच्या रेषेकडे कितीतरी वेळ बघत होता. "हे माझं हाय?"

"तुमचं. आणि ही दुसरी जागा रेखाताईंची."

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढ्यासाठी आठ वर्षं?"

शरयू खुर्चीत बसून वडापाव खात होती. तिला एकच प्रश्न पडला होता: "माझा रंग लाल का? मला निळा आवडतो." प्रज्ञाने तिथल्या तिथे ठिपके निळे करून दाखवले.

मग मुख्य गोष्ट. जुनी माहिती पुसून टाकायची नाही, असा प्रज्ञा आणि तिच्या सहकाऱ्यांचा आग्रह. ज्यांच्या आजाराचं कारण सापडलं नाही, अशा हजारो लोकांच्या अक्षरबदलांच्या याद्या त्यांनी जपून ठेवल्यात. जगभरातले डॉक्टर कुठल्या बदलाचा काय अर्थ लागला ते सामायिक नोंदीत भरत असतात. दर महिन्याला सॉफ्टवेअर नव्या नोंदी घेतं आणि सगळ्या जुन्या याद्या त्यांच्याशी पुन्हा ताडून बघतं. कुणी विचारो न विचारो.

"गेल्या महिन्यात एका दूरच्या देशातल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या एका बालरुग्णात हाच बदल नोंदवला," प्रज्ञा म्हणाली. "पाठोपाठ आमच्याकडे शरयूच्या नंबरापुढे खूण उमटली. सकाळी आले तेव्हा यादीत सगळ्यात वर होती. मी सही केली आणि डॉक्टरांना पाठवलं."

"त्या लेकराचं नाव काय?" रेखाने विचारलं.

"माहीत नाही ताई. मुलगा की मुलगी, तेही नाही. आम्हाला तेवढंच कळतं, जेवढं लागतं."

रेखाने तिथल्या तिथे, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या, हात जोडले. कुणाला ते तिला माहीत नव्हतं.

प्रज्ञाने काचेपलीकडची खोली दाखवली. आत माणूसभर उंचीची काळी कपाटं, त्यांत हिरवे दिवे लुकलुकणारे, आणि थंड हवेचा एकसारखा घुमणारा आवाज. दारापाशी आले आणि मी नकळत चपला काढल्या. बालाजी म्हणाला, "अक्का, देऊळ न्हाई ते." प्रज्ञा पटकन म्हणाली, "राहू द्या. आम्ही पण आत जाताना काढतो, धुळीसाठी." खरं-खोटं तिला ठाऊक. मी काचेला हात लावून उभी राहिले. या कपाटांत शरयू होती, बालाजी होता, त्यांच्याआड आमची आई होती, बाबा होते, ज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत असे आमचे पणजे-खापरपणजे होते. मी पंचवीस वर्षं फळ्यावर जनुकांची आकृती काढत आले. मुलांनी पाठ करावी म्हणून. ती खरी असते, हे मला त्या काचेपाशी कळलं.

निघताना प्रज्ञा म्हणाली, "चार वर्षं हे काम करतेय. आज पहिल्यांदा कुणाला तरी बघितलं."

बालाजी शरयूला घेऊन रिक्षा बघायला पुढे गेला. रेखा आणि मी इमारतीच्या पायरीवर बसलो. तेव्हाही बोलले नसते तर पुन्हा कधी बोलले नसते.

"रेखा, वाढदिवसाला मी तुला जे बोलले होते…"

"आठवतंय अक्का," ती म्हणाली. "तुमी कोणती साडी नेसलावता तेही आठवतंय."

"चुकलं माझं."

ती रस्त्याकडे बघत होती. "बोलणाऱ्या तुमी एकट्याच न्हवता. माझी आईबी बोलली. पण तुमी विज्ञान शिकवता. म्हणून मला ते खरं वाटलं."

थोड्या वेळाने तिनेच माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला, रिक्षा आलीय."

पुन्हा निघोजे

मी चार दिवसांची रजा दहा दिवसांची केली. गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन दिवस शरयूला उलट्या झाल्या आणि बालाजीचं तोंड उतरलं. डॉक्टरांनी फोनवर मात्रा थोडी कमी करायला सांगितलं, जेवणानंतर द्यायला सांगितलं. हौसाबाई येऊन दृष्ट काढून गेल्या. विज्ञानाची शिक्षिका असूनही मी त्यांना अडवलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता रेखा धपाटे थापत होती. शरयू खाटेवरून उतरली, ओट्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मम्मी, आज पाय ओढंना झालेत." रेखाने खाली बघितलं. पोरीची दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकली होती. तव्यावरचं धपाटं जळून गेलं. कुणाचं लक्ष नव्हतं. रेखा खाली बसून ती पावलं हाताने चाचपत होती, आधी एक, मग दुसरं, पुन्हा पहिलं.

पाच वाजले. सहा वाजले. पाय तसेच होते. बालाजी शिफ्टवरून आला, तेव्हा रेखाने त्याला काही सांगितलं नाही. नुसतं शरयूला हाक मारली. ती दारापर्यंत चालत गेली आणि तिने त्याच्या हातातला डबा घेतला.

रविवारी संध्याकाळी प्रज्ञा तिच्या स्कूटीवर आली. डॉक्टरांकडून कळलं होतं, राहवलं नाही, म्हणाली. आम्ही सगळे कंपनीच्या भिंतीकडेच्या मोकळ्या जागेत गेलो. तिथे पोरं क्रिकेट खेळतात. हौसाबाईंनी सतरंजी अंथरली, चहाची किटली आणली.

शरयू काही वेळ आमच्यात बसली. मग उठली आणि कुणाला न विचारता भिंतीच्या दिशेने निघाली. आधी चालत. मग तिची पावलं भराभर पडायला लागली. पळाली असं म्हणता येणार नाही; हात दोन्ही बाजूंना पसरलेले, अंग पुढे कललेलं, पण पावलं सरळ पडत होती, एकामागून एक. प्रज्ञाने चहाचा कप खाली ठेवला.

दहा-बारा पावलं झाली असतील. शरयू पडली. चांगली आपटली. बालाजी उठून धावला.

"पप्पा, थांबा!" ती ओरडली.

तो अर्ध्या वाटेत थांबला. तिने तळहात मातीवर टेकले. एक गुडघा वर घेतला, मग दुसरा. उभी राहिली. फ्रॉक झटकला, खरचटलेल्या ढोपराकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे निघाली.

"ये, बस इकडं," हौसाबाई बालाजीला म्हणाल्या. "ती जातीय न्हवं का."

तो बसला नाही. मैदानाच्या मधोमध उभा होता, तिला उचलायला पुढे केलेले दोन्ही हात तसेच रिकामे धरून.